पांढऱ्यावरचा गोल

मुंबईत गाजलेली निर्मलकुमारची चित्रं अडुसष्ट साली जळगावात, वाचनालयाच्या दालनात लागली. येणारा जाणारा थबकायचा तो ‘शांती’पाशी. चुन्यासारख्या पांढऱ्यावर एकच पिवळट, काळपट गोल.

“हे सुचलं कुठून, निर्मलभाऊ?” वकीलसाहेबांनी विचारलं.

“आतून,” तो डोळे मिटून म्हणाला.

तेवढ्यात त्याची आई, चंदनबाई, डोक्यावरचा पदर सावरत पुढे आली. लहानपणी त्याचं तोंड पुसायची, तसं पदराचं टोक जिभेला लावून ती चित्रातला गोल पुसायला लागली. निर्मलनं घाईघाईनं तिचा हात धरला.

“चार माणसांत काय मांडलंस हे, बेटा?” ती कुजबुजली. “तुझे बाबूजी गेले, मी विधवेच्या रिवाजानं वर्षभर कोपऱ्यात बसले, तेव्हा भिंतीला डोकं टेकून टेकून पडलेला डाग हा. दर दिवाळीला चुना मारते, तरी मेला वर येतोच.”

वकीलसाहेब हळूच दुसऱ्या चित्राकडे सरकले. निर्मलला तिचा हात सोडवेना, नि मान वर करवेना.

“तू रोज समोर कागद घेऊन बसायचास ना,” ती म्हणाली, “मला वाटायचं, माझ्याकडे बघतोयस.”