आवाज द्यायचा नाही

"काहीही झालं तरी आवाज द्यायचा नाही," उन्मेष म्हणाला. "तू सांगितलंस की मग पट्ट्याची परीक्षा होत नाही."

मधुवंतीने मान हलवली. मग तिच्या लक्षात आलं की त्याला ते दिसणार नाही. त्याच्या दोन्ही डोळ्यांवर आत्ताच तिने कापूस ठेवून चिकटपट्टी लावली होती, वरून काळा चष्मा. "नाही देणार," ती म्हणाली.

फाल्गुन संपत आला होता. प्रताप नगरातल्या त्या गल्लीत दुपारी चिटपाखरू नव्हतं. उन्मेषने शर्टावरून बांधलेला पट्टा पुन्हा एकदा चाचपला. समोर किंवा बाजूला काही आडवं आलं की आतल्या सेन्सरमुळे पट्टा कमरेच्या त्या बाजूला थरथरायचा. आंधळ्या माणसाला काठी न धरता, कुणाचा हात न धरता रस्त्याने जाता यावं, म्हणून त्याने तो घरीच बनवला होता. त्याची स्वतःची नजर कडेकडून आत मिटत चालली होती; समोरचं दिसायचं, बाजूचं हरवायचं. यावर उपाय नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तो एवढंच म्हणाला होता, "अजून दोन वर्षं तरी आहेत." तेव्हापासून तो या पट्ट्यामागे लागला होता. डोळे आहेत तोवर तो व्हायला हवा होता. नंतर तारा कोण जोडणार?

तो निघाला. पावलांचीही चाहूल लागू नये म्हणून मधुवंती चपला हातात घेऊन मागून चालत होती. डांबर तापलं होतं. ती पाय उचलून उचलून टाकत होती.

एका फाटकापुढे स्कूटर उभी होती. उन्मेषचा हात कमरेकडे गेला, तो क्षणभर थांबला आणि डावीकडून वळसा घालून पुढे गेला. त्यापुढे एक गाय आडवी उभी होती. तिलाही त्याने तसंच टाळलं. शेपटीचा फटका शर्टावर बसला तेव्हा तो हसला. कित्येक महिन्यांत तो असा हसला नव्हता.

"बघून राहिली ना मधू?" त्याने मान न वळवताच विचारलं.

तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

आता त्याची पावलं भरभर पडू लागली. खांदे सैल झाले, हात मोकळे हलू लागले. पूर्वी ऑफिसातून निघून तो असाच यायचा. मधुवंती बघत राहिली आणि त्यामुळे पुढे उभा असलेला छोटा हत्ती टेम्पो तिला जरा उशिराच दिसला. कुणाच्या तरी बांधकामाच्या लोखंडी सळाखी त्यात भरलेल्या होत्या. मागच्या फळीवर टेकून त्या तिरप्या वर उचलल्या होत्या आणि गाडीच्या बाहेर लांबवर आल्या होत्या. त्यांची टोकं बरोबर माणसाच्या तोंडाच्या उंचीवर होती.

पट्टा आता थरथरेल, तिला वाटलं. आता थांबेल तो.

त्याचा हात कमरेकडे गेला नाही. कमरेच्या उंचीवर सळाखींखाली नुसती मोकळी हवा होती.

"उन्मेष, थांब."

तो उचललेलं पाऊल तसंच धरून थांबला. सळाखींची टोकं त्याच्या चष्म्यापासून वीतभर दूर होती.

"काहून आवाज दिला?" तो म्हणाला. "इतकं चांगलं चाललं होतं. एवढं एकच मागितलं होतं ना तुला."

गाडीच्या सावलीत बसलेला मजूर उठून आला.

"भाऊ, दिसून नाही राहिलं काय तुमाले? कपाळ फुटलं असतं ना."

"काय आहे समोर?" उन्मेषने विचारलं.

मधुवंतीने त्याचं मनगट धरलं आणि त्याचा हात सळाखीच्या टोकावर ठेवला. त्याने एक टोक चाचपलं, मग शेजारचं, मग त्याच्याही पलीकडचं. नंतर हात सळाखींच्या खाली नेला आणि रिकाम्या जागेत हलवत राहिला.

"टोपीत पण सेन्सर बसवतो," तो घाईघाईने म्हणाला. "दोन टोपीत. आणि खड्डा आला तर? मग बुटात पण लागतील. हो, बुटात पण. वेळ आहे अजून. होते सगळं."

"आज राहू दे. घरी चल."

तिने त्याचं मनगट सोडलं आणि त्याच्या उजव्या अंगाला येऊन चपला पायात सरकवल्या. त्याने चष्मा काढला. चिकटपट्ट्या एकदम ओढल्या, तसे भुवयांचे चार केसही उपटून आले. डोळे मिचकावत तो सळाखींकडे बराच वेळ बघत राहिला. मग मागे वळून आल्या रस्त्याकडे बघितलं. रस्ता रिकामा होता, गाय तेवढी उभी होती.

"मधू?"

ती हातभर अंतरावर उभी होती. गंमत करतोय, असं तिला वाटलं. पण त्याने मान फिरवली तेव्हा नजर तिच्या डोक्यावरून पलीकडच्या फाटकाकडे गेली, तिथून रस्त्याच्या टोकाला, आणि तिथेच अडकली. भर उन्हात त्याचा चेहरा पांढरा पडत चालला होता.

"मधू, कुठे गेली तू?"

तिने हात पुढे केला, पण मध्येच थांबवला.

मजुराने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग हळूच म्हणाला, "बाजूलेच तं उभ्या हायेत बाई, भाऊ."