माळ्यावरची हाक

दिवस मावळताना बिरू रामोशी स्वतःच्या शेतातल्या माळ्यावर, रात्रीच्या राखणीच्या मचाणावर, चढला. त्याच्या जमातीला जन्मतःच चोर ठरवणाऱ्या कायद्यापायी रोज रात्री चिखलीच्या चावडीत पाटलांपुढं हजेरी देऊन तिथंच निजावं लागे. इकडं इंद्रायणीकाठची ज्वारी रानडुकरं खात. यंदा सरकारनं तो कायदाच मोडीत काढला. तरी गोफण मांडीवर ठेवून बिरू वाटेवर शिपाई दिसतोय का बघत होता. अंधारू लागलं तशी राखणदारांची हाक माळ्यामाळ्यावरून पुढं सरकू लागली. दरसाल ती बिरूच्या रिकाम्या माळ्याशी तुटायची. शेजारचा गेनबा ओरडला, “बिरू, हायस का?” “हजर, पाटील,” सवयीनं बिरूच्या तोंडून निघालं. गेनबा हसला. “आरं, हजेरी न्हाई घेत. डुकरं बांधाला आलीत, धोंडा हाण.” बिरूनं गोफण फिरवली आणि मोकळ्या गळ्यानं पुढच्या माळ्याला हाक दिली.