चाकं काढल्यावर

धाकटा लेक गेला, तेव्हापासून त्याच्या गाडीचं स्टिअरिंग थरथरतं. मिस्त्रीने चाकांचं बॅलन्सिंग तीनदा केलं, तरी तेच.

मी म्हटलं, "तुझ्या मशीनलाच चक्कर येते का रे?"

"मावशी, मशीन शून्य दाखवतंय. चाकांत खोट नाही."

दवाखान्यात शेवटी लेकाचे हात असेच थरथरत होते. त्याने एक हात माझ्याकडे केला. चारचौघांत मी म्हणाले, "एवढा बाप्या, कापतोस काय?" आणि हात धरला नाही.

आज चौथी खेप. गाडी जॅकवर चढवलेली, चारही चाकं काढून मशीनपाशी ठेवलेली, किल्ली माझ्या मुठीत. पिशवी घ्यायला मी दार उघडलं.

स्टिअरिंग थरथरत होतं.

"धरते रे राजा, आता धरते," म्हणत मी हात ठेवला.

स्टिअरिंग घामाने ओलं होतं.