शंभरावा पक्षी

नव्व्याण्णवावर गाडी अडली ती अडलीच. सूर्य मावळायला वीस मिनिटं उरली होती आणि गेल्या तासाभरात यादीत एका पक्ष्याचीही भर पडली नव्हती.

गटाची यादी ठेवणाऱ्या, म्हणून सगळ्यांच्या यादीताई, पेशानं दातांच्या डॉक्टर. आज दवाखाना बंद, म्हणून पहाटेपासून त्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून ठाण मांडून बसल्या होत्या. पक्षी पाहणाऱ्यांच्या त्यांच्या ऑनलाइन गटात दोनशे हौशी माणसं. नदीकाठची गावं पुरात बुडाली तेव्हा गटानं ठरवलं, सगळ्यांनी मिळून एका दिवसात जितक्या जातींचे पक्षी पाहायचे, तितक्या पटीत प्रत्येकानं पूरग्रस्तांसाठी वर्गणी द्यायची. गटातल्याच एका दुर्बिणींच्या दुकानदारानं त्यावर कडी केली. शंभर जाती झाल्या, तर जितकी वर्गणी जमेल तितकीच आणखी रक्कम तो पदरची घालणार होता. त्या दुप्पट पैशांत बुडालेल्या एका गावच्या शाळेला पाणी शुद्ध करायचं यंत्र येत होतं. त्या शाळेत सध्या चारशे माणसं राहत होती आणि शाळेच्या बाई गटातल्याच होत्या. शंभर झाले नाहीत, तर नुसत्या चादरी.

नियम कडक होते आणि ते यादीताईंनीच केले होते. फोटो हवा, तो आजचाच हवा आणि एकदा लिहिलेला पक्षी पुन्हा लिहायचा नाही. गेल्या वर्षी एकानं बगळा दुसऱ्यांदा लिहिला, तर गटानं त्याला सहा महिने ‘बगळेबुवा’ म्हणून हैराण केलं होतं. त्याचा धसका सगळ्यांनीच घेतलेला. आज जो तो दुसऱ्या कुणाला दिसणार नाही असा पक्षी शोधायला निघाला होता. एक शिक्षक कंबरभर चिखलात उभे राहिले, एक आजोबा गुडघेदुखी विसरून टेकडी चढले. यादी वाचताना यादीताईंचा ऊर भरून येत होता.

फोन वाजला. घुबडमामा होते, निवृत्त वनरक्षक आणि घुबडांचे वेडे.

“ताई, समोर ढोलीत घुबड आहे. बाहेर येत नाहीये, पण आहे नक्की. टाका लिहून.”

“फोटो?”

“अहो, चांगल्या कामासाठीच ना?”

‘हो’ अगदी ओठावर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. “मामा, एक असा लिहिला तर बाकीच्या नव्व्याण्णवांवर कोण विश्वास ठेवेल?”

फोन ठेवला आणि दिवसाला दहा दाढा उपटणारी ही बाई टेबलावर डोकं टेकून मुसमुसायला लागली.

समोर सासूबाई मटार सोलत होत्या. सुनेच्या या नादाला त्या दहा वर्षं ‘आभाळाकडे तोंड करून फिरणं’ म्हणत आल्या होत्या. पण सुनेचं रडणं त्यांना बघवेना.

“वाच बघू मला ती यादी.”

“आता वाचून काय होणार, आई?”

“वाच तर खरी. का दातखीळ बसलीय?”

यादीताईंनी डोळे पुसून वाचायला घेतलं. गरुड, ससाणा, खंड्या, तीन तऱ्हेचे सुतार, पाच तऱ्हेची बदकं. ज्यांची नावं घेताना जीभ अडखळावी असे कुठले कुठले पाहुणे. सासूबाई एकेका नावाला मान डोलावत होत्या. नव्व्याण्णवावं नाव झालं तेव्हा त्यांचा हात थांबला.

“आणि कावळा?”

यादीताईंना त्याही स्थितीत हसू आलं. “कावळा काय, आई, तो पहाटेच कुणीतरी...” बोलता बोलता त्यांनी यादीत शोधलं. नव्हता. वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. नव्हता. दोनशे माणसांनी दिवसभर कावळे पाहिले होते आणि दोनशेच्या दोनशे जणांनी धरून चाललं होतं की तो दुसऱ्या कुणीतरी लिहिलाच असणार.

त्यांनी खिडकी उघडली. कचऱ्याच्या डब्यावर एक महाशय पावाच्या तुकड्याशी झटत होते. त्यांनी मान तिरकी करून ऐटीत फोटो काढू दिला. यादीताईंनी लिहिलं, ‘शंभर. कावळा.’

 गटात एकच गिल्ला झाला. दुकानदारानं एवढंच लिहिलं, ‘दिले.’ त्याखाली शाळेच्या बाई होत्या: ‘इथे छपरावर सकाळपासून चाळीस बसलेत हो. मला वाटलं, लिहिला असेल.’

यादीताईंनी सासूबाईंना इतकी घट्ट मिठी मारली की ताटलीतले मटार घरभर झाले. दोघी हसत हसत जमिनीवर बसून दाणे वेचू लागल्या. उजेड अजून पाच मिनिटं टिकणार होता.

“बरं,” सासूबाईंनी टेबलाखालचा दाणा उचलत सहज विचारलं, “चिमणी तरी लिहिलीय का गं कुणी?”