मास्तरांची परीक्षा

टेलर मास्तर तिसऱ्यांदा हात धुवायला लागले, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "कातडी तरी राहू द्या, मास्तर."

मास्तर हसले नाहीत. आज पास झाले तरच नऊ वर्षांची लेक घरी येणार होती. तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती. पोटात बसवलेल्या नळीतून दिवसातून चार वेळा औषधाचं पाणी भरायचं आणि काढायचं. एक जंतू आत गेला तरी जिवावर बेतायचं. घरी हे करायला आई नव्हती, दुसरंही कोणी नव्हतं. होते ते मास्तरच.

पंधरा दिवसांपूर्वी ते नापास झाले होते. सगळं नीट चाललं होतं, पण शेवटी दोन्ही हात अडकले आणि त्यांनी मास्क खाली ओढून नळीचं नवं टोपण ओठांत धरलं. पंचवीस वर्षं टाचण्या धरल्या, तसंच. लेकीनेच कपाळाला हात लावला होता.

तेव्हापासून दुकानात ते टाचण्या मनगटावरच्या उशीत खोचायला लागले. या वयात नवी शिकवणी लावली का, म्हणून गिऱ्हाइकांनी चेष्टा केली. ऐकून घेण्यात मास्तरांचा हात धरणारं कोणी नव्हतं. भांडायला आलेल्यालाही ते आधी उठून स्टूल द्यायचे.

आता खिडकी बंद होती, पंखाही. पाणी भरून झालं. मास्तरांनी पाण्याची पिशवी नळीपासून सोडवली, नळीचं तोंड उघडं झालं, आणि नेमके तेव्हाच मोठे डॉक्टर दार ढकलून आत आले. तोंडाला मास्क नव्हता. सिस्टर ताडकन उभ्या राहिल्या.

मास्तर उठले नाहीत. त्यांनी मान वरही केली नाही.

"बाहेर थांबा," ते म्हणाले. "माझ्या लेकीची नळी उघडी आहे."

डॉक्टर आल्या पावली मागे फिरले. लेक बापाकडे बघतच राहिली. एवढा मोठा माणूस आपल्या घरात आहे, हे तिला आजच कळत होतं.

मास्तरांनी टोपण बसवलं, फिरवून घट्ट केलं. आपण कोणाला बाहेर काढलं ते मग त्यांच्या ध्यानात आलं आणि ते धडपडत उठून उभे राहिले.

सिस्टरांनी दार उघडलं. मास्क लावून उभ्या असलेल्या डॉक्टरांनी विचारलं, "पास का?"

"तुम्हाला बाहेर काढलं त्यांनी, सर. आता आणखी काय परीक्षा घ्यायची?"

लेक तोवर पलंगाखाली वाकून चपला शोधायला लागली होती.