पंपासमोरची कबुली

“यंत्र अडलं की पाना नंतर उचलायचा. आधी विचारायचं, हात कोणी लावला.” गेनोवेफाचा नवरा अलोयझी असं सांगायचा. लाकडाच्या गिरणीत त्याने जन्मभर यंत्रं सांभाळली. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती. पण आज मुलाने बापाचीच री ओढली.

“हात कोणी लावला?” झेनॉनने विचारलं.

घरात अकरा अंश होते. घर तापवणारा हीट पंप चार दिवस नुसता गार वारा सोडत होता. जुनी कोळशाची भट्टी काढून तिच्याच जागी, जमिनीलगत, झेनॉनने तो हौसेने बसवून घेतला होता. चार वाजता फादर यायचे होते, दर जानेवारीत घराला आशीर्वाद द्यायला येत तसे. टेबलावर पांढरी चादर, क्रूस, दोन मेणबत्त्या, पवित्र पाण्याची वाटी, सगळं मांडून झालं होतं. सून सेलिना अंगात ओव्हरकोट ठेवूनच खसखशीचा केक कापत होती.

“मी तर त्याच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही,” ती म्हणाली. “राहिले तर सर्दी होते.”

घरात चढत होता तो फक्त झेनॉनचा पारा. त्याने क्रुसावर हात ठेवला. “ज्याने हा बिघडवला, तो आजपासून मेणबत्त्यांच्या सणापर्यंत शेळ्यांच्या गोठ्यात झोपेल. मग कोणी का असेना. शब्द देतो.” बोलताना तो आईकडे बघत होता.

मेणबत्त्यांचा सण तीन आठवड्यांवर होता. बाहेर उणे चौदा. गेनोवेफा एकोणऐंशी वर्षांची होती.

आणि हात तिनेच लावला होता. पाच दिवसांपूर्वी, घरात कोणी नसताना, तिने पंपाच्या जाळीवर पवित्र पाणी शिंपडलं होतं. नव्या वस्तूवर शिंपडायचंच असतं. गाईवर शिंपडलं, शिवणयंत्रावर शिंपडलं, त्यांना कधी काही झालं नाही. पंप मात्र दुसऱ्याच दिवशी गारठला.

साडेतीनला मेकॅनिक आला. लुडविक त्याचं नाव. त्याने पिशवी उघडलीच नाही. पंपाशेजारी बुटक्या स्टुलावर बसला आणि जाळीला कान लावून डोळे मिटले.

“एकेकटे या,” तो म्हणाला. “बाकीचे स्वयंपाकघरात. घरातली माणसं समोरासमोर असली की पंपाबद्दल खरं कोणी बोलत नाही. बारा वर्षं बघतोय.”

सेलिना गेली आणि लगेच परत आली. येताना पंपाच्या मागून तीन ओले मोजे काढून घेऊन आली. कोणाकडे बघितलं नाही.

झेनॉनला वेळ लागला. आतून नुसती कुजबुज येत होती. मध्येच लुडविकचा आवाज आला, “किती वेळा?” मग पुन्हा कुजबुज. बाहेर आला तेव्हा झेनॉनचे कान लाल झाले होते. रिमोट एरवी त्याच्या सदऱ्याच्या खिशात असायचा. आज तो आत लुडविककडेच राहिला होता.

गेनोवेफा आत गेली. दुसरं स्टूल नव्हतं, म्हणून तिने गुडघे टेकले. मध्ये जाळी, पलीकडे लुडविकचा कान, चर्चमध्ये फादरांपुढे पापांची कबुली देताना असतो तसा. जीभ आपोआप वळली.

“मागची कबुली नाताळाच्या आधी दिली होती,” ती म्हणाली.

लुडविकने डोळे उघडले. मग पुन्हा मिटले. “सांगा, आजी.”

तिने सांगितलं. वाटी, पाणी, शिंतोडे किती तेसुद्धा.

“आणखी काही?”

“सुनेचा केक कोरडा होतो असं मी शेजारणीला सांगितलं. पण ते पंपाला लागू नाही.”

“नाही लागू. दर पंधरवड्याला ही जाळी काढून कोमट पाण्याने धुवायची, सावलीत वाळवायची. आणि आत पाणी शिंपडायचं नाही. कसलंही.”

“म्हणजे माझ्यामुळेच ना रे बाबा?”

“इथे ऐकलेलं मी पुढे नेत नाही, आजी. तुमचं नाही, दुसऱ्या कोणाचंही नाही.”

त्याने रिमोटचं एक बटण दाबलं. त्यावरची बर्फाची चांदणी गेली, सूर्य आला. मग त्याने पंपाच्या कडेवर दोनदा टकटक केली. क्षमा झाली की फादर लाकडावर करतात, अगदी तशी. गेनोवेफाने छातीवर क्रुसाची खूण केली. थोड्या वेळाने जाळीतून गरम हवा तिच्या तोंडावर आली.

फादर आले, प्रार्थना केली, चारही खोल्यांत पाणी शिंपडलं. पंपापाशी लुडविक आडवा उभा राहिला, ते त्याच्यावर पडलं. मग सगळे टेबलाशी बसले. फादरांनी मफलर काढला.

“छान ऊब आहे. बिघाड होता म्हणे? कोणी केला?”

“फादर,” लुडविक केक चावत म्हणाला, “तुम्ही सांगता का कधी?”

फादरांनी दुसरा तुकडा घेतला. झेनॉन ताटलीतून मान वर काढेना.

पाहुणे गेले. अजून पुरता अंधार झाला नव्हता. गेनोवेफा आपल्या खोलीत गेली. सोळाव्या वर्षापासून तिने शुक्रवारचा उपास मोडला नव्हता. शब्द मुलाने दिला होता, पण क्रुसासमोर दिलेला शब्द साऱ्या घराचा असतो. तिने रजई गुंडाळली. जपमाळ घेतली, अलोयझीची लोकरी टोपी घेतली, गरम पाण्याची पिशवी भरली. शेळ्या चार होत्या, त्यातली एक लाथाडी. तिच्यापासून जरा लांब झोपावं लागेल, एवढंच.

खिडकीशी बसून ती बूट चढवत होती, तेवढ्यात मागचं दार हळूच लागलं. अंगणातल्या बर्फातून झेनॉन गोठ्याकडे चालला होता, पावलांचा आवाज होऊ न देता. त्याच्या एका काखेत उशी होती. दुसऱ्या काखेत पंपाचं माहितीपुस्तक होतं, अजून प्लॅस्टिकच्या वेष्टनात.