फावल्या वेळची कमाई

"पुन्हा जाहिरात?" वर्तमानपत्राआडून साहेबांनी विचारले. "सूनबाई, साबणाचं दुकान काढायचंय का?"

"पूर्ण पाहिली की पॉइंट मिळतात, बाबा. पॉइंटांचे पैसे होतात."

"किती? चार आणे? त्यांचं काय लोणचं घालायचंय?"

साहेब म्हणजे तिचे सासरे. सारी हयात तिकीट तपासनीस म्हणून गेली. नोकरी संपली, तपासणी संपली नाही. कोण कुठे निघाले, कशासाठी, कधी परतणार, याचा जाब घरात प्रत्येकाला द्यावा लागे. सासूबाई कोपऱ्यावरच्या दुकानात जातानाही नोट मागून घेत आणि आल्यावर सुटे परत करीत. मुलगा परगावी नोकरीला होता. तपासायला या दोघीच उरल्या होत्या.

सूनबाई मात्र हट्टी. स्वयंपाकघरात तिचा मोबाइल भिंतीला टेकून उभा असे. घर डोळे मिटून पडलेले असताना त्याचा निळसर उजेड ओट्यावर एकटाच थरथरत राही. पावलांचे पैसे देणारेही एक ॲप होते. त्याच्यासाठी दोघी सासू-सुना गच्चीवर फेऱ्या घालीत.

एकदा तिने सर्वेक्षणातला प्रश्न मोठ्याने वाचला. "घरातले निर्णय कोण घेतं?"

"लिही, साहेब!" बाहेरून आवाज आला.

"लिही बाई," सासूबाई म्हणाल्या. "खोटं लिहिलं तर पॉइंट कापतील."

साहेब मनापासून हसले. बायकोच्या बोलण्याला ते क्वचितच हसत.

पण त्याच आठवड्यात जिन्यातून सूनबाईचे फोनवरचे बोलणे त्यांच्या कानी आले. "हो, एकाच माणसासाठी. लहान चालेल, पण खिडकी हवी. ॲपची कमाई साठवून अनामत जमलीये. पुढचं शिवणातून भागेल."

साहेबांच्या पायाखालची जमीन सरकली. एकाच माणसासाठी! म्हणजे मुलाचा संसार मोडणार. त्यांनी घरातले इंटरनेट बंद करून टाकले. सूनबाई वाचनालयाच्या पायरीवर जाऊन बसू लागली. तिथे ते फुकट मिळे.

"पायरीवर बसतेस! लोक काय म्हणतील?"

"लोकांनाही ॲप सुचवलंय, बाबा. त्याचेही पॉइंट मिळतात."

"तोंड वर करून बोलू नकोस. तुझ्या सासूकडे बघ जरा. लग्न होऊन आली तेव्हापासून एक रात्र बाहेर काढली नाही तिनं."

"बघतेय ना," सूनबाई हळूच म्हणाली. "रोज बघतेय."

रविवारी सकाळी ती बॅग घेऊन बाहेर आली, तेव्हा साहेब दारातच खुर्ची टाकून बसले होते.

"कुठे?"

"नव्या खोलीवर."

"आणि मुलाला मी काय सांगू?"

"त्यांना ठाऊक आहे. भाडं कमी पडलं तर भर घालतो म्हणालेत."

"म्हणजे तोही सामील!" साहेबांचा आवाज चिरकला. "ठीक आहे. पण ऐकून ठेव. आज जी या दारातून जाईल, तिला हे दार पुन्हा उघडणार नाही."

सूनबाईने मान खाली घातली नाही. बॅगही खाली ठेवली नाही.

"अगं, ऐकलंस का?" साहेबांनी आत पाहून हाक मारली. "ये बाहेर. तूच समजाव हिला. तुझं ऐकेल."

सासूबाई आल्या. पायांत चपला होत्या. त्यांनी सुनेच्या हातून बॅग घेतली आणि खांद्याला लावली.

"माझ्या खोलीची किल्ली दे," त्या म्हणाल्या, "आणि यांना चहा-साखरेचे डबे कुठे असतात ते दाखवून ठेव."